चुन्याच्या रेघेपाशी दोन सेकंद

तुळशीराम खंडारे. आमच्या नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागातून निवृत्त झालेले लीडिंग फायरमन. शिक्षण नववी. आईवडिलांनी मला जन्म दिला, उपाशी राहून शाळेत घातलं. पण नोकरीत माणूस म्हणून जो काही उभा राहिलो, तो या माणसामुळे. त्यांचं नाव त्यांची परवानगी घेऊन लिहितो आहे. गावाचं नाव मात्र लिहीत नाही, कारण जे झालं त्यात गावाची चूक नव्हती. चूक माझी होती.

या अंकाच्या संपादकांनी मला ‘आगीशी झुंज’ अशा धर्तीचे थरारक अनुभव लिहायला सांगितलं होतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत तसे अनुभव आहेत, नाही असं नाही. पण लिहायला बसलो की प्रत्येक वेळी पेन एकाच आगीपाशी येऊन थांबतं. माझ्या निवृत्तीला अजून आठ महिने आहेत. निवृत्त होऊन, पेन्शन वगैरे सगळं हाती पडल्यावर हे लिहिलं असतं, तर त्यात काही अर्थ राहिला नसता.

माझं जन्मगाव पिंपळगाव राजाच्या बाजूचं. बाप जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हमाल होता. कापसाच्या गाठी पाठीवर वाहायचा. त्याच्या अंगावरची रुई झटकून आई त्याला घरात घ्यायची. आमच्या घरात, आणि सांगायला हरकत नाही, आमच्या आळीतही बी.ए. झालेला मी पहिला. फायरमनच्या भरतीत निवड झाली तेव्हा मला आग विझवण्याबद्दल एवढंच माहीत होतं की ती पाण्याने विझते.

पहिल्या दिवशी तुळशीरामभाऊंनी माझे कागद हातात घेऊन वाचले.

"बी.ए.? मंग इथं कायले आला बे?"

"नोकरी पाहिजे होती."

"बरं केलं. साऱ्या हापिसात ग्रॅज्युएट हायेत, आपल्यातच नव्हता. आता कोनी काई बोललं का तुले पुढं करतो."

तेव्हापासून मी त्यांचा ‘ग्रॅज्युएट’ झालो. हाक मारायची तर तीच. "ए ग्रॅज्युएट, झाडू घे." "ग्रॅज्युएट, चहा सांग."

त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती होजची. आमचा पाण्याचा पाईप कापडी असतो, त्याला होज म्हणतात. त्याच्या टोकाला धातूची नळी असते, ती ब्रांच. रिकामा होज चपटा असतो, गुंडाळी करून काखेत मारता येतो. पंप सुरू झाला की तोच होज फुगतो, कडक होतो आणि एकट्या माणसाला आवरत नाही. भाऊंनी माझा हात धरून तो होजवर ठेवला.

"आता कसा लागते?"

"मऊ."

"हा मेलेला साप हाय. रहीमभाई, सोडा पाणी."

रहीमभाई आमचे ड्रायव्हर. पंपही तेच चालवत. पाणी सुटलं आणि माझ्या हाताखाली होज टणक झाला.

"आता?"

"दगडासारखा."

"हां. हाताले दगड लागल्याबिगर पाय उचलायचा नाई. कोनी काईही सांगो. साहेब सांगो, मंत्री सांगो. आपला साहेब हा दगड."

आमच्या कामाबद्दल लोकांचे बरेच गैरसमज आहेत. आग रोज लागत नाही. रोज लागतात ते फोन. विहिरीत म्हैस पडली, टाकीवर आग्या मोहोळ बसलं, पोरगा मोबाइलच्या टॉवरवर चढला. चौक धुवायचा आहे, उद्या नेते येणार. एका सरपंचांनी तर घरी आग लागली म्हणून बंब बोलावला. जाऊन पाहतो तर मांडव, हळद, आणि कोरडे पडलेले ड्रम. रहीमभाई त्यांना म्हणाले, "सरपंचसाहेब, आग कुठं हाय?" सरपंच म्हणाले, "नवरीच्या बापाच्या पोटात." आम्ही दोन ड्रम भरून दिले आणि जेवून आलो. त्याच्या पुढच्याच आठवड्यात एका वावरातून फोन आला. कुटाराची, म्हणजे गुरांच्या भुशाची, गंजी पेटली होती. फोनवरचा माणूस म्हणाला, "गाडी पाठवा, पण भरेल पाठवा. मांगच्या टायमाले रिकामी आली होती." मी तेव्हा हसलो होतो.

नोकरीला तीन वर्षं झाली असतील. बाहेरगावच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी आमच्या विभागातून एक माणूस मागितला गेला. सेवाज्येष्ठतेने नाव तुळशीरामभाऊंचं होतं. त्यांनी साहेबांपुढे उभं राहून सांगितलं, "मले तिथं पाठवून काय करता? पुस्तकं सारी इंग्रजीत. या ग्रॅज्युएटले पाठवा. तो शिकून येईन अन् आमाले शिकवन." सहा महिने माझी ड्युटी त्यांनी आणि रहीमभाईंनी वाटून केली. माझ्याकडे बरी बॅग नव्हती, तर भाऊंनी मुलीच्या लग्नात आलेली सूटकेस दिली. तिच्या झाकणावर आतून जावयाचं नाव होतं.

ते सहा महिने वाया गेले असं मी कधी म्हणणार नाही. उलट सांगतो. आधी आम्ही पेटलेल्या गॅस सिलिंडरवर लांबून पाणी मारायचो आणि देवाचं नाव घ्यायचो. ज्वाला आधी विझवली आणि गॅस सुटत राहिला तर तो खोलीत साचून मोठा धोका होतो, म्हणून आधी गॅस बंद करायचा, हे मला तिथे समजलं. परत आल्यावर एका लॉजच्या स्वयंपाकघरात असाच सिलिंडर पेटला. मी आणि भाऊ पाण्याच्या फवाऱ्याआड पुढे सरकलो, त्यांनी ओलं पोतं धरलं, मी हात घालून नॉब फिरवला. बाहेर आल्यावर भाऊ जमलेल्या लोकांना सांगत होते, "आमचा ग्रॅज्युएट हाय. शिकून आला." माझ्या बापानेसुद्धा माझ्याबद्दल लोकांत असं कधी सांगितलं नव्हतं.

पुढे मी परीक्षा देऊन अधिकारी झालो, त्याच विभागात. पहिल्या सकाळी भाऊंनी मला कडक सलाम केला. मला कसंतरीच झालं.

"भाऊ, हे काय करता?"

"वर्दीले करून राह्यलो. तुले नाई."

पण त्या दिवसापासून चारचौघांत ते मला ‘साहेब’ आणि ‘तुम्ही’ म्हणू लागले. आणि खरं सांगायचं तर मला ते हळूहळू आवडू लागलं.

प्रशिक्षण देणं ही आता माझी जबाबदारी होती. आठवड्यातून एकदा शाळेच्या मैदानावर मी सराव घ्यायचो. सुरुवातीला पाण्यासकट. आमच्या गावाला नळ तेव्हा दहा-दहा दिवसांनी यायचा. एके सकाळी आम्ही मैदानात पाण्याची धार उडवत होतो आणि कुंपणापलीकडे एक बाई कडेवर रिकामी घागर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, इथं काय पेरून राह्यले?"

रहीमभाईंनी पंप बंद केला.

"नाई, येवढं पानी देऊन राह्यले म्हणून इचारलं. उगवलं का सांगजा."

दुपारी नगरसेवकाचा फोन आला. दुसऱ्या दिवसापासून सराव कोरडा झाला. म्हणजे सगळं तसंच: होज पळवायचा, जोडायचा, हुकूम द्यायचा, फक्त पाणी सोडायचं नाही.

भाऊ मला एकट्याला गाठून म्हणाले होते, "साहेब, एक सांगू? इथल्या जिनच्या हौदावर जाऊ. हौदातलं पाणी पंपानं ओढू अन् हौदातच सोडू. थेंब वाया जात नाई." किती साधी गोष्ट. मी म्हणालो, "पाहू." सहा महिने शिकून आलेल्या मला जे सुचलं नाही ते नववी शिकलेल्या माणसाला सुचलं, हे मला खुपलं असावं. आज दुसरं कारण सापडत नाही.

त्याच सुमारास नगरपरिषदांच्या पथकांची स्पर्धा जाहीर झाली. एप्रिल महिना, सगळीकडे टंचाई, त्यामुळे स्पर्धाही कोरडीच. मैदानावर चुन्याची एक रेघ. ब्रांच धरणारा माणूस त्या रेघेपाशी येऊन ‘पाणी सोडा’ म्हणून हात वर करणार, पंपावरचा माणूस ‘पाणी आलं’ असा आवाज देणार, आणि मग ब्रांचवाल्याने रेघ ओलांडायची. ओलांडली की घड्याळ बंद.

आमच्या पथकात ब्रांचवर तुळशीरामभाऊ. पन्नाशी ओलांडलेली, पण पळण्यात तरुणांना मागे टाकायचे. अडचण एकच. रहीमभाईंनी ‘पाणी आलं’ म्हटल्यावर ते रेघेपाशी थांबायचे, खाली वाकायचे, होज हाताने दाबायचे, आणि मगच पुढे जायचे. दोन सेकंद जायचे. मी घड्याळ धरून मोजले होते, बरोबर दोन.

"भाऊ, दाबता कशाला? त्यात पाणी नाहीच आहे."

"नाई ना? मंग म्या पुढं कसा जाऊ?"

सगळे हसले. मीही हसलो. मग मी त्यांना समजावलं की ही स्पर्धा आहे, आवाज हाच इशारा. ते मान डोलवायचे आणि पुढच्या फेरीत पुन्हा वाकायचे. त्यांचा हातच आपोआप खाली जायचा. चार दिवस असं झाल्यावर मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुळशीराम, तुमच्यामुळे पथक हरेल. जमत नसेल तर सांगा, दुसरा माणूस घेतो."

मी ‘भाऊ’ म्हणालो नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

त्यांनी टोपी काढली, घाम पुसला, आणि म्हणाले, "घ्या साहेब, पुन्हा एकडाव."

त्या दिवशी मी त्यांच्याकडून ती एकच हालचाल चाळीस वेळा करून घेतली. आवाज, पाय. आवाज, पाय. रहीमभाईंनाही सांगितलं की व्हॉल्व्हला हात लागला की आवाज द्या, उगाच वेळ घालवू नका. दोन आठवड्यांत भाऊंचा हात खाली जायचा थांबला. आवाज झाला की पाय उचलला जायचा. आम्ही ढाल जिंकली. पेपरात फोटो आला, त्यात मी मधोमध ढाल धरून आणि भाऊ कडेला. फोटोची एक प्रत ते घरी घेऊन गेले.

ढाल टिकवायची म्हणून पुढेही सराव तसाच चालू ठेवला. पावसाळा संपला, दिवाळी झाली, जिन सुरू झाले.

कापसाच्या आगीबद्दल बाहेरच्या माणसाला थोडं सांगायला हवं. लाकडाची आग जागेवर बसते, रुईची आग धावते. जिनच्या शेडमध्ये भिंतीवर, पत्र्याला आधार देणाऱ्या लोखंडी कैच्यांवर, दिव्यांच्या तारांवर रुईचा बारीक थर असतो. जमिनीवरची आग छोटी दिसते आणि डोक्यावरून ती कधी पुढे गेली ते कळत नाही. म्हणून आत शिरणाऱ्याच्या हातात पाणी पाहिजे. पाणी असेल तर तो वरचा थर भिजवत जातो. नसेल तर तो आगीच्या खाली उभा असतो.

एके दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला त्याच जिनमधून फोन आला. आम्ही पोहोचलो तेव्हा शेडच्या एका कोपऱ्यातला ढीग पेटला होता. माणसं सगळी बाहेर आली होती. आमच्या गाडीतलं पाणी पाचेक मिनिटं पुरतं. तेवढ्यात भाऊंनी दारातूनच अर्धी आग दाबली. मग गाडी रिकामी झाली, होज चपटा पडला, आणि रहीमभाईंनी जाड सक्शन पाईप जिनच्या हौदात टाकला. हौदातून पाणी ओढायचं तर त्या पाईपात कुठूनही हवा शिरता कामा नये. आमच्या पाईपाच्या जोडाचं रबर वापराविना सुकून चिरलं होतं. वर्षभरात तो पाईप आम्ही एकदाही पाण्यात घातला नव्हता. पंप नुसता गुरगुरत होता, पाणी धरत नव्हता.

दारात भाऊंनी हात वर केला. रहीमभाईंचा हात व्हॉल्व्हला लागला आणि त्यांच्या तोंडून निघालं, "पाणी आलं."

भाऊंनी पाय उचलला.

मी दोघांच्या मध्ये, पंधरा फुटांवर उभा होतो. भाऊंच्या काखेतला होज मागे लोळत जाताना मला दिसला. चपटा, मऊ. मला ओरडायला हवं होतं. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. मनात आलं, वा, काय सुरेख निघाले.

ते दहा-बारा पावलं आत गेले, ब्रांच उघडली, आणि तिच्यातून नुसती हवा सुटली. तेवढ्यात वरच्या कैचीवरची पेटती रुई त्यांच्या अंगावर आली. ते बाहेर आले ते स्वतःच्या पायांनी आले. दोन्ही हात आणि मान भाजली होती. ब्रांच त्यांनी सोडली नव्हती. आम्हाला ती त्यांच्या बोटांतून सोडवावी लागली. शेजारच्या गावचा बंब आला आणि आग विझली.

दवाखान्यात हातांना पट्ट्या बांधून ते पडले होते. मला पाहून उठायला लागले.

"ग्रॅज्युएट," ते म्हणाले. तिथे दुसरं कोणी नव्हतं. "चुकलो बे. पाणी न पाहता गेलो. येवढ्या वर्षांत पह्यल्यांदा. काऊन गेलो, काई समजूनच नाई राह्यलं."

मला समजलेलं होतं. उत्तर माझ्या तोंडात होतं. मी म्हणालो, "आराम करा भाऊ. होतं कधी कधी."

मुख्याधिकाऱ्यांनी अहवाल मागितला. मी बी.ए. आहे, माझी भाषा चांगली आहे. मी लिहिलं: ‘संबंधित कर्मचाऱ्याने त्यास दिलेल्या प्रशिक्षणाचे पालन न करता, होजमध्ये पाणी आल्याची खात्री न करता आत प्रवेश केला.’ अहवाल टाइप होत होता तेव्हा रहीमभाई दारात आले.

"साहेब, आवाज तर म्या देला होता. पंपानं पाणी धरलंच नव्हतं. ते लिवलं का?"

"आवश्यक तेवढं लिहिलंय."

"पण आपला सराव तसाच होता ना साहेब..."

"रहीमभाई, तुम्हाला कोणी काही विचारलंय का?"

ते गेले. पुढे बदली मागून घेतली. काही वर्षांपूर्वी वारले. त्यांची माफी मागायची राहून गेली आणि आता ती राहिलीच.

भाऊंच्या सेवापुस्तकात ताकीद नोंदली गेली. उजव्या हाताची बोटं पुन्हा मिटली नाहीत. त्यांना ऑफिसात टेलिफोनवर बसवलं. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देताना मी भाषण केलं, त्यांच्या शिस्तीबद्दल बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंना टाळी वाजवता येत नव्हती, ते मान हलवत होते.

इथपर्यंत कोणी म्हणेल की माणूस घाबरतो, नोकरी जपतो. पण पुढे मी जे केलं त्याला भीतीचीही सबब नाही. आजूबाजूच्या गावांतल्या नव्या फायरमनना शिकवायला मला बोलावू लागले. मी चांगलं शिकवतो, असं म्हणतात. आणि दर तुकडीला मी ही आग सांगत आलो. नाव न घेता: ‘एक जुने कर्मचारी होते, अनुभवी होते, पण प्रशिक्षण विसरले आणि हात गमावून बसले.’ वर्ग गंभीर व्हायचा. उदाहरण फार परिणामकारक होतं.

गेल्या जूनमध्ये अशाच एका वर्गात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. आता आमच्यात मुलीही येतात, आणि चांगल्या येतात. ही मलकापूरकडची, प्रतीक्षा नावाची.

"सर, त्यांना ‘पाणी आलं’ असं कोणी सांगितलं होतं का?"

"हो. पंपावरच्या माणसाने."

"पाणी नव्हतं तर तो कसा काय बोलला?"

"सवयीने."

"सवय कुठून लागली सर? सरावात?"

मी फळ्याकडे वळलो. मागून तिचा आवाज आला, अगदी साधा. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"म्हणजे सर, ते तर शिकवल्याप्रमाणेच वागले ना?"

मी म्हणालो, "पुढचा मुद्दा घेऊ."

आगीपुढे माणूस विचार करत नाही. तेवढी सवड नसते. अंगात जे मुरवलं असेल तेच बाहेर येतं. म्हणून तर प्रशिक्षण लागतं, हे मी शेकडो पोरांना सांगितलं आहे. ते खरंच आहे. तुळशीरामभाऊंच्या अंगात वीस वर्षांत मुरलेलं एक शहाणपण मी दोन आठवड्यांत काढून टाकलं आणि तिथे ढालीसाठी एक मूर्खपणा भरला. प्रशिक्षणाचा कामावर किती परिणाम होतो, याचा माझ्याकडे याहून मोठा पुरावा नाही.

जूननंतर मी दोनदा भाऊंच्या गावी गेलो. दोन्ही वेळा सगळं सांगायचं ठरवून गेलो. पहिल्या वेळी त्यांच्या घरी पाहुणे होते. भाऊंनी माझी ओळख करून दिली, "हे माहे साहेब. यायनं लय शिकवलं, म्याच चुकलो होतो." दुसऱ्या वेळी ते एकटे होते. वहिनींनी भाकर चुरून त्यांच्या ताटात वाढली होती, कारण त्यांना ती मोडता येत नाही. भिंतीवर ढालीचा फोटो होता. मी जेवलो, पावसापाण्याचं बोललो आणि उठून आलो. तोंडाने जमत नाही हे कळलं, म्हणून शेवटी श्रावणात हे पत्र पाठवलं.

—

तीर्थस्वरूप तुळशीरामभाऊ यांस,
सा. न. वि. वि.

आपली बोली मलाही येते, पण कागदावर हात शाळेचाच चालतो. तेवढं चालवून घ्या. मागच्या वेळी जेवून लगेच निघालो म्हणून वहिनींना वाईट वाटलं असेल. घाई नव्हती. मला तिथे बसवेना.

दवाखान्यात तुम्ही मला विचारलं होतं, पाणी न पाहता मी का गेलो. मी उत्तर दिलं नाही. ते आज देतो. तुम्ही गेलात, कारण मी तुम्हाला तसं शिकवलं. रेघेपाशी वाकून होज दाबायची तुमची सवय मी मोडली. तुम्ही चार दिवस ऐकत नव्हता. मग मी सगळ्यांसमोर तुम्हाला नावाने बोललो आणि चाळीस वेळा पळवलं. तुमचं मन तेव्हाही मानत नव्हतं, हे मला दिसत होतं. तुम्ही माझ्यासाठी ऐकलं. रहीमभाईंचीही चूक नव्हती. त्यांनाही तो आवाज मीच शिकवला होता. हौदावर सराव करू, असं तुम्ही सांगितलं होतं. तसा केला असता तर पाईपाचं चिरलेलं रबर पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

भाऊ, तुम्ही चुकला नाहीत. तुम्ही शिकवल्याप्रमाणे वागलात, आणि मी कागदावर उलटं लिहिलं. इतकी वर्षं तुम्ही लोकांना ‘म्याच चुकलो’ असं सांगत आलात आणि मी ते शेजारी बसून ऐकत आलो. अहवाल लिहिला तेव्हा निदान भीती होती. नंतर तीही नव्हती.

सोबत एक अर्ज जोडला आहे. मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने आहे. तुमच्या सेवापुस्तकातली ताकीद रद्द करून ती माझ्या नावावर घ्यावी, असं त्यात लिहिलं आहे आणि कारणंही सगळी लिहिली आहेत. तो कालच आवक विभागात देऊन पोचेचा शिक्का घेतला. तुमच्याकडे आधी पाठवला असता तर तुम्ही मला थांबवलं असतं, आणि मी थांबलो असतो.

एका दिवाळी अंकासाठी हे सगळं लिहायचं म्हणतो. तुमचं नाव घालू का? नको म्हणालात तर लेखच देणार नाही. नाव न घेता मी तुमच्याबद्दल पुष्कळ बोललो आहे, आता तसं नको.

आणखी एक. उत्तर रागाचं असलं तरी कळवा. फोटो भिंतीवरून काढावासा वाटला तर काढा.

पुढच्या महिन्यापासून जिनच्या हौदावर सराव सुरू करतो आहे. पाणी हौदातून ओढायचं, हौदातच सोडायचं. तुम्ही सांगितलं होतं तसंच. बुधवारी सकाळी गाडी पाठवतो, भरलेली पाठवतो. तुम्ही काठावर खुर्ची टाकून नुसते बसा. नवीन पोरापोरींनी होज दाबून ‘दगड झाला’ असं तुम्हाला सांगितल्याशिवाय मी एकालाही पाय उचलू देणार नाही. रेघ मी आखणार नाही.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
ग्रॅज्युएट